रसायनाचा अध्यापक, गाण्यांचा राखणदार

बेहाल्यास बदलून आलेल्या मराठी गृहस्थास वैशाख लागला की एक गोष्ट हटकून जाणवते. रवींद्र-जयंती जवळ येते आणि पाड्यापाड्यांतून तालमींचे सूर निघू लागतात. पण ते सूर एकट्याचे नसतात. दहा-वीस गळे एकदम, एकाच पट्टीत, एकच चाल गात असतात. आम्हां मराठी माणसांचे कान बैठकीवर पोसलेले. गवयी एक आणि ऐकणारे शंभर, ही आमची गाण्याची कल्पना. समूहाचे गाणे म्हटले की आम्हांस वारीतले भजन आठवते आणि ते आम्ही देवाच्या खात्यावर जमा करून मोकळे होतो. येथे मात्र पोस्टातला कारकून, शाळेतली बाई आणि कॉलेजातला पोरगा शेजारी बसून, आपला आवाज दुसऱ्याच्या वर जाऊ न देण्याची खबरदारी घेत गातात. ही शिस्त आली कोठून, याचा शोध घेताना ज्या नावापाशी येऊन आम्ही थांबलो, ते प्राध्यापक शैलजारंजन मजुमदार यांचे.

शैलजारंजनांचा जन्म १९०० सालचा, मैमनसिंह जिल्ह्यातील नेत्रकोना भागातला. कलकत्ता विद्यापीठातून ते रसायनशास्त्राचे एम. एस्‌सी. झाले, कायद्याची परीक्षाही दिली आणि काही काळ नेत्रकोन्यास वकिली केली. १९३२ मध्ये शांतिनिकेतनास गेले ते रसायनाचे अध्यापक म्हणून. दिवसा परीक्षानळ्या आणि संध्याकाळी गाणे, असा त्यांचा क्रम पडला. गुरू होते स्वतः रवींद्रनाथ आणि दिनेंद्रनाथ.

येथे एक अडचण ध्यानी घेतली पाहिजे. कवी चाल बांधीत आणि विसरून जात. ती तत्क्षणी कोणीतरी झेलून घ्यावी लागे. पुष्कळ वर्षे हे काम दिनेंद्रनाथांनी केले. १९३४ मध्ये त्यांनी शांतिनिकेतन सोडले आणि पुढच्याच वर्षी ते वारले. कवीचे वय तेव्हा सत्तरीच्या पलीकडे. गाणी तर अजून येतच होती! त्या ओघाखाली ज्यांनी ओंजळ धरली, त्यांत हा रसायनाचा अध्यापक पुढे होता. १९३९ मध्ये कवीने संगीतभवनाची सूत्रे त्यांच्याच हाती दिली. त्याच वर्षीच्या वर्षामंगलासाठी नवी गाणी हवीत म्हणून त्यांनी कवीच्या मेजावर रागांची नावे लिहिलेल्या चिठ्या ठेवल्या आणि गाणी पदरात पाडून घेतली, ही हकीकत बंगाल्यांत मोठ्या प्रेमाने सांगतात. साहेबाच्या मेजावर स्मरणपत्रे ठेवण्यात आमचा जन्म गेला. इतके गोड उत्तर कधी आले नाही.

चाल टिपण्याची बंगाली रीतही पाहण्यासारखी आहे. ज्योतिरिंद्रनाथांनी रूढ केलेल्या 'आकारमात्रिक' स्वरलिपीत मात्रा दाखवावयाची ती आकाराच्या काण्याने, आणि कोमल स्वरांना अक्षरच निराळे: कोमल ऋषभाला 'ऋ', कोमल गांधाराला 'ज्ञ'. पलुसकर-भातखंड्यांच्या चिन्हांना सरावलेल्या डोळ्यांस हे प्रथम चमत्कारिक वाटते. पण आम्हांस परकेपणा वाटू नये अशी सोय एका मराठी माणसानेच करून ठेवली होती. शांतिनिकेतनात हिंदुस्थानी संगीत शिकविणारे भीमराव शास्त्री हसूरकर यांनी 'संगीत गीतांजली' हे नागरी लिपीतील स्वरलिपीचे पुस्तक १९२७ मध्ये सिद्ध केले. आपल्याकडे त्यांचे नाव किती जणांस ठाऊक असेल?

शैलजारंजनांचा हात एस्राजावर होता. हार्मोनियमला शांतिनिकेतनात मान नव्हता. १९४० मध्ये आकाशवाणीने ती पेटी बंद केली, त्याही बाजूला कवीचे मत होते. गोविंदराव टेंब्यांच्या पेटीवर जीव टाकणाऱ्यांनी याचा राग धरू नये. पेटीचे सूर ठरल्या जागी बसलेले. मिंडेने एका स्वरातून दुसऱ्यात सरकणाऱ्या गळ्याला गजाचे वाद्यच सोबत करू शकते.

शिकविताना ते कडक होते. टिपलेल्या चालीत गायकाने आपली मुरकी घालावी हे त्यांना खपत नसे. या कडकपणाविरुद्ध बोलणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही: ख्यालात जी मोकळीक गवयाचा प्राण, ती येथे अपराध ठरते. तथापि आमचे मत शैलजारंजनांच्या बाजूस झुकते. एकट्याने फिरविलेली चाल त्याच्यापुरती सुंदर होईल. वीस गळ्यांनी एकत्र गावयाचे तर चाल ठरलेलीच हवी. कणिका बंद्योपाध्याय, सुचित्रा मित्र, नीलिमा सेन या त्यांच्या शिष्या. तिघींचा आवाज तीन प्रकारचा. तेव्हा शिस्तीने गळे एकसारखे होतात हा आक्षेप निदान त्यांच्या बाबतीत टिकत नाही.

१९६० मध्ये त्यांनी शांतिनिकेतन सोडले. साठीला आलेला माणूस कलकत्त्यात येऊन पुन्हा मुलांच्या घोळक्यात बसला आणि शिकवीत राहिला. १९९२ मध्ये ते निवर्तले. विश्वभारतीचा या गाण्यांवरील स्वामित्वहक्क २००१ मध्ये संपला. आता कोणीही कशीही चाल फिरवावी, त्यास कायद्याची आडकाठी नाही. तरीही बेहाल्याच्या तालमींत 'स्वरवितान'चा खंड उघडा असतो, आणि एखाद्या जागी मतभेद झाला की सगळी मंडळी गाणे थांबवून त्या पानावर वाकतात.