लायडार (चालकविरहित वाहनांतील)

लेझर प्रकाशाचे स्पंद सोडून ते समोरच्या वस्तूंवरून परतायला किती वेळ लागला, यावरून अंतर काढणारे उपकरण. रडार जे काम रेडिओ लहरींनी करते तेच लायडार प्रकाशाने करते. चालकविरहित मोटारींत ते बहुधा कॅमेरा आणि रडार यांच्या जोडीने बसवतात.

यामागचे गणित शाळकरी आहे. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंमी. जातो. स्पंदाला जाऊन परत यायचे असते, म्हणून १५० मीटरवरच्या ट्रकचे अंतर कळायला एक मायक्रोसेकंद लागतो. वेळ मोजण्यात एका नॅनोसेकंदाची चूक झाली, तर अंतर १५ सेंमी.ने चुकते. दर सेकंदाला असे लाखो स्पंद सुटतात. परतलेल्या प्रत्येक स्पंदाचा एक बिंदू धरून परिसराचा त्रिमितीय नकाशा उभा राहतो. या नकाशात माणूस म्हणजे बिंदूंचा उभा पुंजका. तो दूर असेल तर त्याच्यावर मोजकेच बिंदू पडतात, जवळ आला की शेकडो. त्याच्या सदऱ्याचा रंग कळत नाही, मागचा सिग्नल लाल आहे की हिरवा तेही नाही. मात्र स्वतःचाच प्रकाश असल्याने लायडारला दिवस आणि रात्र सारखीच.

प्रकाश अवरक्त असतो. ९०५ नॅनोमीटर तरंगलांबीला सिलिकॉनचे स्वस्त डिटेक्टर चालतात, पण हा प्रकाश डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचत असल्याने स्पंदाच्या ताकदीवर मर्यादा येते. १,५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यातल्या पाण्यातच शोषला जातो; तो अधिक जोरकस सोडता येतो, त्याचे डिटेक्टर मात्र महाग पडतात.

लेझर १९६० मध्ये तयार झाला आणि १९७१ मध्ये अपोलो १५ यानाने लेझरने चंद्राच्या पृष्ठभागाचे चढउतारही मोजले. लायडार रस्त्यावर येण्यास आणखी तीन दशके गेली. अमेरिकेच्या ‘दार्पा’ या संरक्षण संशोधन संस्थेने २००४ मध्ये मोहावी वाळवंटात चालकविरहित गाड्यांची शर्यत लावली, तेव्हा एकही गाडी शेवटपर्यंत पोहोचली नाही. सर्वांत पुढे गेलेली गाडी सुमारे १२ किमी.वर अडकली. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘स्टॅन्ली’ने २१२ किमी.ची शर्यत जिंकली. तिच्या टपावर पाच लायडार होते. त्याच शर्यतीत डेव्हिड हॉल यांनी गोल फिरणारे, ६४ लेझरचे लायडार आणले. त्यांची गाडी शर्यत पुरी करू शकली नाही, पण उपकरण टिकले: त्यांच्या व्हेलोडाइन कंपनीने ते विकायला काढले आणि दार्पाच्याच २००७ च्या शहरी शर्यतीत पूर्ण अंतर कापणाऱ्या सहापैकी पाच गाड्यांवर ते होते. किंमत सुमारे ७५,००० डॉलर, म्हणजे खुद्द गाडीपेक्षा जास्त. पुढे चिनी उत्पादकांनी हे भाव पार खाली आणले.

धुके, मुसळधार पाऊस आणि हिमवर्षाव यांत प्रकाश विखुरतो. काळ्या चकचकीत पत्र्यावरून फारच थोडा परततो. अशा वेळी रडार उपयोगी पडते: ते धुक्यातून पार जाते आणि डॉप्लर परिणामामुळे समोरच्या वाहनाचा वेगही थेट सांगते, फक्त चित्र ढोबळ देते. रंग आणि पाट्या वाचायच्या तर कॅमेराच हवा. एकाची उणीव दुसऱ्याने भरावी, हा वेमोसारख्या कंपन्यांचा मार्ग. टेस्लाचे एलॉन मस्क यांनी २०१९ मध्ये लायडारचा नाद हा खुळेपणा ठरवला. माणूस डोळ्यांवरच गाडी चालवतो, तेव्हा कॅमेरे पुरेत, असा या बाजूचा युक्तिवाद. डोळ्यांवर चालवणारी माणसेच धुक्यात एकमेकांवर आदळतात, हे त्यात सोयीस्करपणे सुटते.

तरीही दिसणे म्हणजे उमगणे नव्हे. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील टेम्पी शहरात उबरच्या चाचणी गाडीने सायकल हाती धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली. तिचा मृत्यू झाला. चौकशीत दिसून आले की धडकेच्या ५.६ सेकंद आधी रडारने आणि ५.२ सेकंद आधी लायडारने तिची नोंद घेतली होती. प्रणाली तिला कधी वाहन, कधी ‘अन्य वस्तू’, कधी सायकल ठरवत राहिली आणि दर वेळी वर्गवारी बदलली की तिच्या आधीच्या हालचालीचा माग टाकून देत गेली. झेब्रा पट्ट्यांखेरीज कोणी पादचारी रस्ता ओलांडेल, हे प्रणालीत गृहीतच धरलेले नव्हते. गाडीतील सुरक्षा चालकाची नजर फोनवर होती, आणि व्होल्वो बनावटीच्या या गाडीची मूळची आपत्कालीन ब्रेक यंत्रणा चाचणीच्या काळात बंद ठेवलेली होती.