सहायक प्रशिक्षक (फुटबॉल)

सहायक प्रशिक्षक हा फुटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली काम करणारा प्रशिक्षक होय. सराव घेणे, प्रतिस्पर्धी संघाचा अभ्यास करणे आणि खेळाडू व मुख्य प्रशिक्षक यांच्यातील दुवा सांभाळणे ही त्याची नित्याची कामे होत. संघ जिंकत असतो तोवर या पदाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. संघ हरू लागला आणि मुख्य प्रशिक्षकाला पद सोडावे लागले, की उरलेल्या हंगामाचा भार बहुधा त्याच्यावरच येतो. मुंबईच्या फुटबॉलमध्ये घडलेले खालिद जमील यांनी २०२१ मध्ये गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेड संघाला सावरले, हे भारतातील याचे ठळक उदाहरण आहे.

संज्ञा

'सहाय' म्हणजे सोबती, त्यावरून 'सहायक'. 'साहाय्य' या नामावरून 'साहाय्यक' हे रूपही शुद्ध ठरते. वृत्तपत्रांत सर्रास आढळणारे 'सहाय्यक' हे रूप मात्र व्याकरणदृष्ट्या सदोष आहे. मूळ अर्थ सोबत्याचा असल्याने, या पदासाठी कधी कधी योजला जाणारा 'दुय्यम प्रशिक्षक' हा शब्द फारसा समर्पक वाटत नाही.

कार्य

शहापूर, मुरबाडसारख्या ग्रामीण तालुक्यांतील शाळांत एकच क्रीडाशिक्षक संघ निवडतो, सराव घेतो आणि लागलेल्या गुडघ्यावर औषधही लावतो. व्यावसायिक क्लबमध्ये हीच कामे अनेकांत वाटलेली असतात. गोलरक्षकांचा आणि शारीरिक तंदुरुस्तीचा प्रशिक्षक वेगळा असतो. डावपेच आणि अंतिम अकरा खेळाडूंची निवड मुख्य प्रशिक्षकाकडे असते. सहायकाच्या वाट्याला रोजच्या सरावाची आखणी, फ्री किक व कॉर्नरची तयारी आणि राखीव खेळाडूंची देखरेख येते.

यांपैकी शेवटचे काम दिसते त्यापेक्षा महत्त्वाचे आहे. सामन्यात अकराच जण उतरतात. बाकीचे आठवडेच्या आठवडे बाकावर बसून असतात. त्यांची उमेद टिकवणे आणि कोण कशामुळे खचला आहे हे ओळखणे, ही कामे सहायक करतो. खेळाडू आपल्या अडचणी मुख्य प्रशिक्षकापेक्षा त्याच्याजवळ मोकळेपणाने बोलतात, कारण संघातून वगळण्याचा अंतिम अधिकार त्याच्या हाती नसतो. भारतात यात भाषेचीही भर पडते. इंडियन सुपर लीगमधील बहुतेक मुख्य प्रशिक्षक परदेशी असल्याने त्यांचे म्हणणे मणिपूर, मिझोराम, गोवा किंवा केरळच्या खेळाडूपर्यंत नेमक्या अर्थाने पोहोचवण्याचे काम भारतीय सहायकाकडे येते.

अडचणीतील संघ

हंगामाच्या मध्यावर संघ सारखा हरू लागला, तर मालकांपुढे पर्याय थोडे असतात. वीस-पंचवीस खेळाडू बदलता येत नाहीत. प्रशिक्षक एकच असल्याने तो बदलला जातो. नव्या माणसाला खेळाडूंची नावे आणि स्वभाव समजेपर्यंत काही सामने निघून जातात. अनुभवी सहायकाला ही माहिती आधीच असते. त्याची अडचण वेगळी असते: ज्या योजनेमुळे संघ घसरला, तिच्या अंमलबजावणीत त्याचाही हात असतो. शिवाय काल मित्रासारखे बोलणाऱ्या खेळाडूला आज वगळण्याची वेळ त्याच्यावर येते.

खालिद जमील आणि नॉर्थईस्ट युनायटेड

जमील यांचा जन्म १९७७ साली कुवेतमध्ये झाला. खेळाडू म्हणून ते मुंबईच्या महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या संघांकडून खेळले. २००९ ते २०१६ या काळात ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. तुटपुंज्या साधनांच्या या संघाला त्यांनी आय-लीगमध्ये टिकवून धरले. ते गेल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात संघ शेवटच्या स्थानावर राहून पदावनत झाला. त्याच हंगामात, म्हणजे २०१६-१७ मध्ये, जमील यांनी मिझोरामच्या आयझॉल एफसीला मोहन बागानपेक्षा एक गुण अधिक मिळवून आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले.

राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला हा प्रशिक्षक २०१९ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये सहायक म्हणून रुजू झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोएशियाचे रॉबर्ट यार्नी यांना दूर केल्यावर उरलेले सामने जमील यांनी हंगामी प्रशिक्षक म्हणून सांभाळले. संघ दहांपैकी नववा आला. पुढच्या हंगामासाठी स्पेनचे जेरार्ड नुस आले आणि जमील पुन्हा सहायकाच्या जागी गेले.

२०२०-२१ चा हंगाम करोनामुळे संपूर्णपणे गोव्यात, प्रेक्षकांविना खेळला गेला. संघाची सुरुवात चांगली होती. मात्र ५ डिसेंबरला ईस्ट बंगालवर मिळवलेल्या विजयानंतर जानेवारीच्या मध्यापर्यंत संघाला एकही सामना जिंकता आला नाही. जानेवारी २०२१ मध्ये नुस यांच्या जागी जमील आले. १७ जानेवारीला जमशेदपूरवर २-१ असा विजय मिळाला, २६ जानेवारीला एटीके मोहन बागान याच फरकाने हरला आणि ३० जानेवारीला, पुढे विजेता ठरलेला मुंबई सिटीही २-१ असाच पराभूत झाला. साखळीच्या वीस सामन्यांत संघाचे आठ विजय, नऊ बरोबरी आणि तीन पराभव झाले. तिन्ही पराभव बदलापूर्वीचे होते. ३३ गुणांसह तिसऱ्या स्थानावर आलेला हा संघ उपांत्य फेरीत एटीके मोहन बागानकडून १-१ व १-२ असा बाद झाला. संघाला या लीगच्या बाद फेरीत नेणारे जमील हे पहिले भारतीय प्रशिक्षक ठरले.

या यशाचे सारे श्रेय प्रशिक्षकबदलाला देणे योग्य नाही. मुंबई सिटीविरुद्ध दोन्ही गोल करणारा जमैकाचा आघाडीवीर डेशॉर्न ब्राऊन त्याच जानेवारीत संघात आला होता. शिवाय, जमील यांना ऑक्टोबर २०२१ मध्ये पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक नेमल्यानंतर २०२१-२२ मध्ये संघ अकरांपैकी दहावा आला. पुढे जमशेदपूर एफसीचे प्रशिक्षकपद सांभाळून ऑगस्ट २०२५ मध्ये जमील भारतीय पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

अन्य उदाहरणे

गोव्याचे क्लिफर्ड मिरांडा यांनी २०२० मध्ये सर्जिओ लोबेरा यांच्यानंतर एफसी गोवाची सूत्रे घेतली आणि संघाने साखळीत अव्वल स्थान मिळवले. अर्थात तो संघ मुळातच चांगला खेळत होता. २०२३ मध्ये ओडिशा एफसीत सहायक असताना त्यांच्याकडे पुन्हा हंगामी जबाबदारी आली आणि संघाने बेंगळुरूला २-१ असे हरवून सुपर कप जिंकला. प्रत्येक वेळी असे घडतेच असे नाही. विजयाविना राहिलेल्या ईस्ट बंगालला जानेवारी २०२२ मध्ये सहायक प्रशिक्षक रेनेडी सिंग यांनी तीन सामने सांभाळले. दोन बरोबरीत सुटले, एक गमावला आणि नंतर नवे परदेशी प्रशिक्षक आले.

इंग्लंडमधील पीटर टेलर हे आयुष्यभर सहायक म्हणूनच ओळखले गेले. खेळाडू हेरण्यात त्यांचा हातखंडा होता. ब्रायन क्लफ यांच्यासह त्यांनी दुसऱ्या श्रेणीतील डर्बी काउंटी व नॉटिंगहॅम फॉरेस्ट हे संघ अनुक्रमे १९७२ व १९७८ मध्ये इंग्लंडचे विजेते केले. फॉरेस्टने १९७९ व १९८० मध्ये युरोपियन कपही जिंकला. १९७४ मध्ये क्लफ टेलरविना लीड्स युनायटेडला गेले, तेव्हा त्यांची कारकीर्द ४४ दिवसांत आटोपली. चेल्सीत मार्च २०१२ मध्ये सहायकपदावरून बढती मिळालेले रोबेर्तो दि मातेओ यांनी मे महिन्यात चॅम्पियन्स लीग जिंकली. नोव्हेंबरमध्ये त्यांनाही काढून टाकण्यात आले.

पात्रता

आशियातील प्रशिक्षकांसाठी आशियाई फुटबॉल महासंघाचे सी, बी, ए आणि प्रो असे चढत्या क्रमाचे परवाने आहेत. इंडियन सुपर लीगमधील क्लबांना भारतीय सहायक प्रशिक्षक नेमावा लागतो. जमील व मिरांडा हे दोघेही प्रो परवानाधारक आहेत.