इंग्लंडमधील दुग्धव्यवसायातील जैवसुरक्षा व पशुवैद्यक

दुग्धव्यवसायातील जैवसुरक्षा म्हणजे दुभत्या जनावरांच्या कळपात बाहेरून रोग येऊ नये, आलेला रोग कळपात पसरू नये आणि तो इतरत्र जाऊ नये यासाठी योजलेले उपाय होत. इंग्लंडमध्ये याविषयीचा सल्ला मुख्यतः खासगी पशुवैद्यक देतात. मात्र रोग रोखणे कितपत आपल्या हाती आहे, याबाबत पशुवैद्यक आणि पशुपालक यांच्या दृष्टिकोनांत फरक आढळतो.

== पार्श्वभूमी ==
फेब्रुवारी २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकूत रोगाची साथ उद्भवली. निदान होण्यापूर्वीच बाजारांतून विकल्या गेलेल्या मेंढ्यांमार्फत रोग दूरवर पोहोचला होता. २,०२६ ठिकाणी लागण नोंदवली गेली आणि ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. या साथीनंतर जैवसुरक्षेला धोरणात महत्त्व आले.

== प्रमुख उपाय ==
* खरेदी केलेल्या जनावरांची तपासणी व काही काळ विलगीकरण
* गमबूट, वाहने व उपकरणे यांचे निर्जंतुकीकरण
* शेजारच्या कळपाशी संपर्क टाळण्यासाठी दुहेरी कुंपण
* वासरांना बाधित गाईचा चीक, दूध व शेण यांपासून दूर ठेवणे

शेवटचा उपाय जोन्स रोगासाठी विशेष महत्त्वाचा आहे. वासराला लागण झाली, तरी लक्षणे बहुधा काही वर्षांनी दिसतात. त्यामुळे आजच्या खबरदारीचे फळ लगेच दिसत नाही.

== पशुवैद्यकांचा दृष्टिकोन ==
२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्लंडमधील २८ पशुवैद्यकांच्या मुलाखती घेण्यात आल्या. पशुपालकाने पशुवैद्यकाच्या साहाय्याने आपल्या गोठ्यातील रोग आटोक्यात ठेवावा, अशी त्यांची सर्वसाधारण भूमिका होती. याउलट, खर्च, जागा व भौगोलिक परिस्थिती यांमुळे काही प्रमाणात रोग अटळच आहे असे पशुपालक मानतात, असे या पशुवैद्यकांचे निरीक्षण होते.

गोवंशीय क्षयरोगात हा फरक ठळक होतो. रोगाचे जंतू बॅजर या वन्य प्राण्यातही आढळतात. त्याचा वावर पूर्णपणे रोखणे एकट्या पशुपालकाला कठीण असते.

== भूमिकेतील अडचणी ==
पशुवैद्यकाच्या सल्ल्याचे शुल्क पशुपालक देतो. परंतु क्षयरोगाची सक्तीची चाचणी करताना तोच पशुवैद्यक शासनाच्या वतीने काम करतो. त्वचेवरील चाचणीचा निकाल ७२ तासांनी पाहिला जातो. जनावर बाधित ठरल्यास त्याची कत्तल होते आणि कळपाच्या हालचालींवर निर्बंध येतात. त्यामुळे सल्लागार व तपासनीस या दोन्ही नात्यांनी एकाच कुटुंबाला सामोरे जावे लागते. शिवाय एकाच दिवशी अनेक गोठ्यांना भेट देणारा पशुवैद्यक स्वतःही रोगवाहक ठरू शकतो. म्हणून स्वच्छतेचे नियम त्यालाही लागू होतात.

== हे सुद्धा पहा ==
* लाळ्या-खुरकूत
* गोवंशीय क्षयरोग
* जोन्स रोग