सूक्ष्म अन्नद्रव्ये : कर्जत-खालापूरची भातखाचरे

पिकाला अत्यल्प प्रमाणात लागणारी, पण ज्यांच्यावाचून वाढ पुरी होत नाही अशी जमिनीतली खनिज द्रव्ये. लोह, मँगनीज, जस्त, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन आणि निकेल ही ती आठ. नत्र एकरी किलोंत मोजायचे, तर ही द्रव्ये पीक ग्रॅमांत उचलते. तरी यातले एक कमी पडले की युरियाची जादा मात्रा वाया जाते.

कर्जत आणि खालापूर हे रायगडचे सह्याद्रीलगतचे तालुके. पाऊस ३,००० मि.मी.च्या पुढे, उल्हास आणि पाताळगंगेच्या खोऱ्यांत भाताची खाचरे, वर डोंगरउतारावर नाचणी-वरीची वरकस जमीन. एवढ्या पावसाने चुना आणि बोरॉन धुपून जातात, माती आम्लधर्मी राहते. लोह आणि मँगनीज मात्र मुबलक असतात.

भाताच्या बाबतीत खरा प्रश्न जस्ताचा. चिखलणी करून पाणी कोंडले की खाचरातला प्राणवायू संपतो आणि आम्ल मातीचा सामू हळूहळू उदासीन पातळीकडे चढतो. लोह-मँगनीज विरघळून रोपाला सहज मिळू लागतात. जस्त उलट मातीत अडकून बसते. म्हणजे मातीत जस्त असूनही रोप उपाशी राहू शकते. भिवपुरी वीजगृहातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर, राजनाला कालव्याखाली, उन्हाळी भात घेतात. अशी वर्षातून दोनदा पाण्याखाली जाणारी खाचरे अधिक लक्ष देऊन पाहायला हवीत.

लक्षणे लावणीनंतर दोन ते चार आठवड्यांत दिसतात. खालच्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके येतात, कोवळ्या पानाची मधली शीर बुडाशी पांढुरकी पडते, रोपे खुजी राहतात, फुटवे कमी येतात आणि पीक एकसारखे निसवत नाही. हा रोग समजून औषध फवारले तर पैसा जातो. तराईतल्या भातावरचा ‘खैरा’ जस्ताच्या कमतरतेने होतो, हे य. ल. नेने यांनी पंतनगर येथे १९६६ मध्ये दाखवले. पाझराच्या सखल खाचरात मात्र तसेच तांबूस ठिपके लोहाच्या अतिरेकाने पडतात. तिथे पाणी काढून देणे हाच पहिला उपाय.

डीटीपीए चाचणीत किलोभर मातीत ०.६ मि.ग्रॅ.पेक्षा कमी जस्त आढळल्यास कमतरता मानतात. चिखलणीच्या वेळी हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट ही रूढ मात्रा. ते सुपर फॉस्फेटमध्ये कालवू नये, कारण स्फुरदाशी बांधले गेलेले जस्त मुळांना मिळत नाही. उभ्या पिकावर ०.५ टक्के झिंक सल्फेट, त्याच्या निम्म्या चुन्यासह फवारतात. कमतरता नसताना टाकलेले झिंक उतारा वाढवत नाही. दुकानदाराच्या सांगण्यावरून दरसाल पिशवी ओतणे ही उधळपट्टी आहे.

नमुना घेतानाही चूक होते. भात कापल्यावर, खत टाकण्याआधी, शेतात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचे १५ ते २० सें.मी. खोल खड्डे करून त्यांच्या कडेची माती लाकडी कामटीने खरवडावी आणि प्लास्टिकच्या घमेल्यात मिसळावी. जस्ताचा मुलामा असलेली बादली वापरली तर अहवालात बादलीचेच जस्त येते. बांधाजवळची, झाडाखालची आणि शेणखताच्या ढिगाची जागा टाळावी.

भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर इथे वाल पेरतात. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात आणि त्या कामाला मॉलिब्डेनम लागते. आम्ल मातीत नेमके तेच कमी उपलब्ध होते. चुना दिल्यास मोकळे होते. २०१५ पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा बाबींची नोंद असते. जस्त, लोह, तांबे, मँगनीज आणि बोरॉन त्यांत आहेत, मॉलिब्डेनम नाही. वाल पिकवणाऱ्या या दोन तालुक्यांपुरती ही उणीव मोठी आहे. म्हणून इथल्या शेतकऱ्याने पत्रिकेतला सामू आधी वाचावा.