घणापासून घर्षणापर्यंत : धातुसांधणीच्या इतिहासातील एक दुर्लक्षित दुवा

प्रास्ताविक

धातू सांधण्याच्या विद्येचा इतिहास बहुधा ज्योत आणि वीज यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. एलिहू थॉमसन यांचे विद्युत-रोध वेल्डिंग (१८८६), बेनार्डोस व स्लाव्यानोव्ह या रशियन संशोधकांची विद्युत-कमान, फूशे व पिकार यांची ऑक्सि-ॲसिटिलीन ज्योत (१९०३) हे या इतिहासाचे ठळक टप्पे होत. या मांडणीत लोहाराचे काम प्राचीन म्हणून आरंभी एका परिच्छेदात उरकले जाते, आणि घर्षण-वेल्डिंग आधुनिक म्हणून शेवटी जोडले जाते. वस्तुतः ही दोन्ही तंत्रे एकाच कुळातील आहेत. धातू न वितळविता, तो मऊ झाला असता दाबाने एकजीव करणे, हे दोहोंचे सूत्र आहे.

लोहाराची सांधणी

बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव तयार करताना लोहार पट्टीची दोन्ही टोके भट्टीत पांढरी होईतो तापवी, त्यांवर वाळू किंवा टाकणखार टाकी आणि ऐरणीवर घणाचे घाव घालून ती एकजीव करी. टाकणखारामुळे लोखंडावरील ऑक्साइडचा थर पातळ होऊन घावासरशी बाहेर फेकला जाई व शुद्ध पृष्ठभाग एकमेकांना भिडत. येथे लोखंड वितळत नसे. सोनाराच्या वा तांबटाच्या झाळकामाप्रमाणे मध्ये दुसरा धातूही ओतला जात नसे. मेहरौली येथील सुमारे ७.२ मीटर उंचीचा आणि सहा टनांहून अधिक वजनाचा गुप्तकालीन लोहस्तंभ याच रीतीने, लोखंडाचे गोळे तापवून व ठोकून सांधत, घडविलेला आहे. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ (१५४९) मात्र अहमदनगर येथे ओतकामाने तयार झाली. कांस्य ओतता येत होते. लोखंड ओतण्याइतके तापविणे भारतीय भट्ट्यांच्या आवाक्याबाहेर होते, म्हणून ते ठोकून वाढवावे लागे. घडाई आणि सांधणी हे दोन वेगळे व्यवसाय आहेत, ही समजूत पुढे कारखान्यांच्या विभागणीतून आली. लोहाराच्या हाती ते एकच काम होते.

घर्षणाची कल्पना आणि तिची दीर्घ निद्रा

घर्षणाच्या उष्णतेचा उपयोग करण्याचे पेटंट जे. एच. बेव्हिंग्टन यांनी अमेरिकेत १८९१ साली मिळविले. त्यांचा विषय धातूच्या नळ्यांना आकार देणे आणि सांधणे असा दुहेरी होता, ही बाब लक्षणीय आहे. त्यानंतर रिख्टर (जर्मनी, १९२९) तसेच क्लॉपस्टॉक व नीलँड्स (इंग्लंड, १९४१) यांनी या दिशेने पेटंटे मागितली. तरीही उद्योगात या कल्पनेला स्थान मिळाले नाही. कमान-वेल्डिंगचे उपकरण हलते होते, जहाजाच्या पाटणापर्यंत नेता येत होते. घर्षणासाठी तुकडाच यंत्राकडे आणावा लागे. महायुद्धकाळात जहाजे वेगाने बांधावयाची असताना निवड कोणत्या बाजूने होणार, हे उघड होते.

त्या निवडीची किंमतही मोजावी लागली. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे शांत पाण्यात उभे असलेले ‘स्केनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज दुभंगले. थंडीत ठिसूळ होणारे पोलाद हे मूळ कारण असल्याचे केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांच्या संशोधनातून पुढे स्पष्ट झाले. परंतु रिव्हेट मारलेल्या जहाजात एका पत्र्याच्या कडेशी थांबू शकणारी चीर वेल्डिंगने अखंड झालेल्या देहात बिनअडथळा धावत गेली. रिव्हेटचा जोड वजनदार व वेळखाऊ खरा. त्याचा हा गुण मात्र तो गेल्यावर कळला.

लेथवरील पुनर्जन्म

१९५६ साली सोव्हिएत संघात ए. आय. चुदिकोव्ह या टर्नरने लेथवर पोलादाचे दोन तुकडे घर्षणाने सांधून दाखविले. लेथच्या स्थिर सेंटरला वंगण कमी पडले की तो फिरत्या कामाला चिकटून बसतो, हा अनुभव जगभरच्या टर्नरांना होता. त्यांच्या लेखी तो अपघात होता. चुदिकोव्ह यांनी त्याकडे पद्धत म्हणून पाहिले. पुढे व्ही. आय. विल यांनी या क्रियेचा शास्त्रीय अभ्यास केला व त्यांच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद अमेरिकन वेल्डिंग सोसायटीने १९६२ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच दशकात कॅटरपिलर कंपनीने जड चक्रात साठविलेल्या गतिज ऊर्जेवर चालणारी पद्धत विकसित केली. बेव्हिंग्टन यांचे पेटंट आधीचे असले, तरी कारखान्याला ही विद्या एका कामगाराच्या लेथवरून मिळाली. श्रेयाची विभागणी करताना केवळ पेटंटची तारीख पाहणे येथे अपुरे ठरते.

क्रिया अशी : एक तुकडा फिरत ठेवून दुसरा त्यावर दाबला जातो. काही सेकंदांत संपर्काची जागा मऊ होते, फिरणे थांबवून दाब वाढविला जातो, आणि ऑक्साइडसह मऊ धातू झालरीसारखा कडेने बाहेर पडतो. लोहाराचा टाकणखार येथे लागत नाही. मळ बाहेर काढण्याचे काम घर्षण स्वतःच करते.

तौलनिक विचार

मोटारीच्या इंजिनातील एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हे या तुलनेचे उत्तम उदाहरण ठरावे. त्याच्या डोक्याला उष्णता सोसणारे महाग मिश्रपोलाद हवे, तर दांड्याला कठीण करता येणारे साधे पोलाद पुरते. संपूर्ण व्हॉल्व्ह एकाच महाग धातूतून घडविणे शक्य आहे, पण त्यात धातूचा अपव्यय होतो आणि दांडाही मनाजोगता कठीण होत नाही. म्हणून दोन पोलादे घर्षणाने सांधली जातात, आणि डोके तापवून, दाबून घडविले जाते. तांबे व ॲल्युमिनियम यांसारखी विजोड जोडीही या पद्धतीने जमते. वितळवून सांधल्यास त्यांच्यात ठिसूळ संयुगांचा जाड थर तयार होतो. मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. फिरता तुकडा साधारणपणे गोल असावा लागतो. बिडावर ही पद्धत चालत नाही, कारण त्यातील ग्रॅफाइट वंगणाचे काम करते व पुरेशी उष्णता निर्माण होत नाही.

गोलपणाची अट सैल झाली ती डिसेंबर १९९१ मध्ये. इंग्लंडच्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये वेन थॉमस व सहकाऱ्यांनी तुकड्यांऐवजी मध्ये एक फिरते हत्यार घालून पत्र्यांच्या कडा ढवळून सांधण्याची रीत शोधली. बेव्हिंग्टन यांच्या पेटंटला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. वितळवून सांधताना तडकणारी ॲल्युमिनियमची मिश्रणे या रीतीने सांधता येऊ लागली, आणि अवकाशयानांच्या इंधनटाक्यांपर्यंत ती पोहोचली.

एक अडचण मात्र लोहाराच्या काळापासून कायम आहे. दाबाने झालेल्या जोडातील कच्ची जागा इतकी पातळ व सपाट असते, की क्ष-किरण तपासणीतही ती सहज निसटते. लोहार तापाचा रंग आणि घणाचा नाद यांवरून जोड ओळखी. आजचे यंत्र प्रत्येक सांधणीच्या वेळी दाब, फेरे आणि तुकड्यांची घटलेली लांबी नोंदविते, व त्या नोंदीवरून माल स्वीकारला किंवा बाजूला काढला जातो.