बॅग वाहणारा कार्ल जॅक्सन

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, एवढीच आपल्याकडे त्याची ओळख. मला मात्र त्यातल्या खेळाडूपेक्षा त्याची बॅग वाहणाऱ्या कॅडीचे कुतूहल अधिक. तो नुसता हमाल नसतो. वारा कुठून आहे, कोणती स्टिक घ्यावी, उतारावर चेंडू किती वळेल, हे खेळाडू त्यालाच विचारतो.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा नॅशनल क्लबवर १९३४ पासून मास्टर्स स्पर्धा भरते. तिथे खेळणारे गोरे आणि बॅग वाहणारे काळे, अशी वाटणी चार दशके टिकली. चार्ली सिफर्डने १९६७ आणि १९६९ मध्ये मोठ्या व्यावसायिक स्पर्धा जिंकल्या, तरी त्याला मास्टर्सचे आमंत्रण कधीच आले नाही. १९७५ साली ली एल्डर खेळला, तो पहिला कृष्णवर्णीय. मैदानाची नस न् नस जाणणारी माणसे मात्र पहिल्यापासून तिथेच होती, पांढऱ्या कपड्यांत, खांद्यावर दुसऱ्याचे ओझे घेऊन.

कार्ल जॅक्सन हा ऑगस्टाचाच. १९६१ साली, चौदाव्या वर्षी, त्याने मास्टर्समध्ये पहिली बॅग उचलली. १९७६ मध्ये टेक्ससचा बेन क्रेनशॉ त्याच्या वाट्याला आला आणि त्या वर्षी दुसरा आला. १९८३ पासून खेळाडूंना स्वतःचे कॅडी आणण्याची मुभा मिळाली. कागदावर हे स्वातंत्र्यच, पण किंमत स्थानिक कॅडींनी मोजली. बहुतेकांचे हक्काचे काम गेले. क्रेनशॉने जॅक्सनला सोडले नाही. पुढच्याच वर्षी दोघांनी मास्टर्स जिंकली. ‘दोघांनी’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो.

१९९५ मध्ये स्पर्धेच्या तोंडावर क्रेनशॉचे गुरू हार्वी पेनिक वारले. खेळ आधीच बिघडलेला. सरावात जॅक्सनने पाहिले आणि सांगितले: चेंडू किंचित मागे ठेव, खांदे आवळून फिरव. बुधवारी क्रेनशॉने ऑस्टिनला जाऊन गुरूला खांदा दिला, गुरुवारी खेळायला उतरला. रविवारी एका फटक्याने जिंकला आणि शेवटचा चेंडू खड्ड्यात पडताच ओणवा होऊन रडू लागला. त्याला सावरायला पुढे आला तो जॅक्सनच.

२०१५ ही क्रेनशॉची शेवटची मास्टर्स. बरगड्यांच्या दुखण्यामुळे जॅक्सनला बॅग उचलता आली नाही. ती त्याच्या भावाने वाहिली. अठराव्या होलपाशी तोच पांढरा पोशाख घालून जॅक्सन उभा होता. क्रेनशॉ आला आणि दोघांनी बराच वेळ मिठी सोडली नाही.