जखमेवर प्रकाश : प्राण्यांच्या लेसरोपचाराची प्रस्तावना

घोड्याच्या पुढच्या पायावर हात ठेवा आणि गुडघ्यापासून सावकाश खाली न्या. कातडी लागेल, तिच्याखाली नळीचे हाड लागेल आणि नळीच्या मागे ताठ दोरखंडासारख्या कंडरा लागतील. मांस हाताला लागणार नाही. चारशे-पाचशे किलोचा हा प्राणी भरधाव सुटतो तेव्हा सगळा भार या कंडरा पेलतात, आणि त्यांना हलवणारे स्नायू मात्र पार वर असतात. इथे रक्तपुरवठा बेताचाच. कंडरा फाटली तर पूर्वीसारखी विणली जात नाही. तिथे व्रणाची कमी लवचीक ऊती तयार होते. घोडा पुन्हा पळू लागेपर्यंत नऊ महिने, कधी वर्ष जाते, आणि पळू लागला की त्याच जागी पुन्हा फाटण्याची धास्ती असते. जखम उघडी असेल तर पंचाईत निराळी. कडा आत सरकायच्या ऐवजी मधले लाल, दाणेदार मांस फुगून वर येते आणि नव्या कातडीला त्यावर चढता येत नाही.

लेसरोपचाराकडे वळणारे बहुतेक पशुवैद्य या पायापाशी हतबल होऊनच वळतात. मीही तसाच वळलो. या विषयात पहिले पाऊल टाकणाऱ्यांचे स्वागत करताना सुरुवात लेसरपासून करावी असे मला वाटत नाही. ती तापलेल्या लोखंडापासून करायला हवी.

कंडरा सुजली की डागायचे, हा उपाय कित्येक शतके आणि कित्येक देशांत चालत आला. आपल्याकडे बैलांच्या पायांवर आणि खांद्यांवर त्याच्या खुणा अजून दिसतात. मुरलेली इजा डागून पुन्हा ताजी केली की रक्त धावेल आणि ती भरून येईल, अशी त्यामागची समजूत होती. डागलेला घोडा महिनोन्‌महिने उभा ठेवावा लागे. बरेच घोडे बरे होत. 1983 साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉल विद्यापीठातील सिल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंडरांच्या इजांवरचे आपले मोठे काम प्रसिद्ध केले. त्यात डागल्यामुळे कंडरा अधिक चांगली भरून येते असे काही आढळले नाही. घोडे बरे होत होते ते विश्रांतीमुळे. श्रेय लोखंडाला जात होते.

लेसर घेणाऱ्या घोड्यालाही विश्रांती मिळते. पट्टी बदलली जाते, जखम धुतली जाते, मोतद्दार रोज त्याच्याजवळ बसतो. तेव्हा बरे वाटण्यातला लेसरचा वाटा किती, हा प्रश्न या क्षेत्रात शिरणाऱ्याने पहिल्या दिवसापासून मनात धरावा. लेसर बिनकामाचा आहे असे मी म्हणत नाही. उलट त्यात काही खरे आहे अशी माझी धारणा आहे, आणि म्हणूनच त्याची गत डागणीसारखी होऊ नये असे मला कळकळीने वाटते.

या उपचाराचा जन्म अपयशातून झाला. 1960 साली थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियात माणकाच्या स्फटिकातून पहिला लेसर काढून दाखवला. पुढे बॉस्टनमध्ये पॉल मॅकगफ यांनी माणकाच्या लेसरने प्राण्यांमधल्या गाठी नष्ट करण्याचे प्रयोग केले. बुडापेस्टचे शल्यचिकित्सक एंद्रे मेश्टर यांनी 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात तेच उंदरांवर करून पाहिले, पण त्यांच्या लेसरची शक्ती फारच कमी होती. गाठींवर परिणाम झाला नाही. मात्र प्रयोगासाठी भादरलेल्या जागी, लेसर दिलेल्या उंदरांचे केस इतर उंदरांपेक्षा लवकर उगवू लागले. दुसरा कोणी असता तर फसलेला प्रयोग म्हणून वही मिटून मोकळा झाला असता. मेश्टर यांनी केसांची नोंद केली, मग जखमांकडे मोर्चा वळवला, आणि काही वर्षांतच ते माणसांच्या न भरणाऱ्या व्रणांवर मंद लेसर वापरू लागले.

मंद प्रकाश ऊतींत शिरून करतो तरी काय? लहानपणी अंधारात टॉर्चवर तळहात ठेवून आपण सगळ्यांनी पाहिलेले असते, बोटे लालभडक उजळतात. टॉर्चच्या पांढऱ्या प्रकाशातला निळा-हिरवा भाग रक्त आणि रंगद्रव्य पिऊन टाकतात, लाल तेवढा पार होतो. साधारण 600 ते 1100 नॅनोमीटर या पट्ट्यातला तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश ऊतींत त्यातल्या त्यात खोल जातो. त्यापुढे पाणीच त्याला अडवते. आत पोचलेला प्रकाश पेशीतल्या मायटोकाँड्रियामध्ये, श्वसनसाखळीतल्या सायटोक्रोम सी ऑक्सिडेज या तांबेयुक्त विकराकडून शोषला जातो, असे सर्वाधिक मानले जाणारे स्पष्टीकरण आहे. रशियन संशोधक टीना कारू यांच्या कामाने ते पुढे आणले. विकराला अडवून बसलेला नायट्रिक ऑक्साइड सुटतो, ऊर्जानिर्मितीला वेग येतो आणि पेशीत दुरुस्तीचे संकेत फिरू लागतात. या साखळीतली प्रत्येक कडी अजून पक्की झालेली नाही, त्यावर वाद चालू आहेत. दरम्यान ‘थंड लेसर’, ‘मंद लेसर’ अशी जुनी नावे मागे पडून गेल्या दशकात ‘फोटोबायोमॉड्युलेशन’ हे नाव रूढ झाले. प्रकाशाने जीवक्रियांना दिलेले वळण, असा त्याचा अर्थ. ते वळण उलटेही असू शकते, कारण ठरावीक मात्रेपर्यंत प्रकाश पेशीला चालना देतो आणि त्यापुढे तिला थोपवतो.

म्हणून प्रकाशाकडे औषधासारखे पाहायला शिका. ‘दहा मिनिटे लेसर दिला’ ही नोंद ‘चमचाभर औषध दिले’ यापेक्षा वेगळी नाही. कुठले औषध, किती तीव्र, हे कुठे आहे? हिशेब अवघड नाही. अर्धा वॅट म्हणजे सेकंदाला अर्धा ज्यूल. शंभर चौरस सेंटिमीटर जागेवर दर चौरस सेंटिमीटरला चार ज्यूल द्यायचे तर एकूण चारशे ज्यूल लागतील, आणि अर्ध्या वॅटच्या यंत्राला आठशे सेकंद, म्हणजे सव्वातेरा मिनिटांहून थोडे अधिक. दहा वॅटचे यंत्र तेच चाळीस सेकंदांत देते, पण ते एका जागी स्थिर धरले तर काळ्या कातडीचा घोडा चटका बसून पाय झाडेल. चारशे ज्यूल दोन्हीकडे सारखेच. पेशीलाही ते सारखेच वाटतात का, हे मात्र गृहीत धरू नये.

शिवाय यंत्रातून निघालेले सगळे आत पोचत नाही. रायन आणि स्मिथ यांनी 2007 साली जिवंत घोड्यांच्या कंडरांतून किती प्रकाश पार होतो हे मोजले. केस भादरून कातडी स्पिरिटने पुसल्यावर तो वाढला, आणि फिकट कातडीतून गडद कातडीपेक्षा जास्त गेला. हे साधे मोजमाप मला कित्येक भारदस्त सिद्धांतांपेक्षा मोलाचे वाटते. एका काळ्या घोडीने मला ते आधीच शिकवले होते. काटेरी तारेने तिच्या मागच्या पायाच्या नळीवरची कातडी फाटली होती. दोन आठवडे मी लेसर देत होतो. मालक म्हणायचा, ‘डॉक्टर, फरक पडतोय बरं का.’ मलाही तसेच वाटत होते. मग एके दिवशी जखमेवर स्वच्छ पारदर्शक प्लास्टिक ठेवून मार्करने कडा गिरवली, ते आलेख कागदावर टेकवून चौकोन मोजले आणि पहिल्या दिवशी तसेच गिरवून ठेवलेल्या प्लास्टिकशी ताडून पाहिले. जखम होती तेवढीच होती. कडेच्या केसांत पांढरे मलम वाळून त्याचा पापुद्रा झाला होता आणि माझा प्रकाश त्यावरूनच परत फिरत होता. मलम धुतले, कड भादरली. पुढच्या दोन आठवड्यांत चौकोन भराभर कमी झाले. पण त्याच आठवड्यात मी पट्टीही बदलली होती, त्यामुळे ती घोडी लेसरने बरी झाली असे मी आजही सांगत नाही.

प्रसिद्ध झालेले पुरावेही असेच विचार करायला लावतात. 1999 साली पीटरसन आणि सहकाऱ्यांनी सहा घोड्यांच्या पायांवर शस्त्रक्रियेने सारख्या मापाच्या जखमा करून काहींवर लेसर दिला. लक्षणीय फरक दिसला नाही. उलट 2018 साली प्लाइम आणि सहकाऱ्यांनी जास्त शक्तीच्या लेसरने उपचार केलेल्या दीडशे घोड्यांच्या नोंदी मांडल्या, त्या आशादायक होत्या. पण तुलनेसाठी उपचार न केलेला गट त्यांत नव्हता, आणि तो नसेल तर डागणीचा प्रश्न पुन्हा दाराशी येतो. त्याच गटाने 2020 साली सारख्या मापाच्या इजा करून तपासले आणि तिथेही लेसरच्या बाजूने कौल मिळाला. कुत्र्यांची कथा आणखी बोलकी आहे. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर लेसर दिलेले कुत्रे साधारण साडेतीन दिवसांत चालू लागले आणि न दिलेल्यांना चौदा दिवस लागले, असा निष्कर्ष 2012 साली फ्लोरिडातून आला. 2017 साली दुसऱ्या एका गटाला तशाच रुग्णांत फरक आढळला नाही. हे निकाल एकमेकांना खोटे पाडत नाहीत. तरंगलांबी, मात्रा, दिवस, इजेचे वय यांतले काहीतरी निसटते आहे, आणि ते शोधायला माणसे हवी आहेत.

घोड्याला लेसरचे कौतुक नसते, कोणाचे मन राखायला तो बरा होत नाही. आशा असते ती मालकाला, मोतद्दाराला आणि आपल्याला. म्हणून मोजणाऱ्याला यंत्र खरे चालू होते की नुसताच दिवा लागला होता, हे ठाऊक नसावे. एवढी शिस्त गावातल्या दवाखान्यातही पाळता येते.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात पण ठामपणे सांगतो. अवरक्त किरण दिसत नाहीत, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही. त्या तरंगलांबीचे चष्मे सगळ्यांनी लावावेत, घोड्याचे डोळेही झाकावेत, किरण परावर्तित करणारी स्टीलची बादली आणि साखळी दूर ठेवावी. गाठीवर लेसर देऊ नये. आणि धनुर्वाताची लस किंवा सांध्यात गेलेल्या जखमेची शस्त्रक्रिया यांना लेसर हा पर्याय नाही.

शेवटी आपल्याकडच्या रुग्णाविषयी. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 साली सुरू झाले तेव्हा मुंबईच्या रस्त्यांवर घोडे धावत होते. आज घोडा पाहायचा तर शर्यतीच्या तबेल्यात, माथेरानच्या लाल वाटांवर किंवा सारंगखेड्याच्या जत्रेत जावे लागते. दवाखान्याच्या दारात उभा असतो तो बहुधा बैल, जू घासून खांदा सुजलेला. त्या खांद्याची कातडी घोड्याच्या नळीवरच्या कातडीहून कितीतरी जाड. घोड्याच्या मापावर बेतलेली मात्रा तिच्यातून किती खोल जाते? एक यंत्र, एक प्रकाशमापक, भादरायचे मशीन आणि कसायाकडून आणलेला कातडीचा तुकडा एवढ्यावर ही मोजणी सुरू करता येईल. ज्याला ती करावीशी वाटेल, त्याच्यासाठी ही प्रस्तावना लिहिली आहे.